आधी रांग बघ, टक्के नंतर

'मॅडम, मी मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट. मागच्या जर्नल क्लबमध्ये (पेपर वाचून चर्चा करायच्या बैठकीत) एका नव्या रक्तचाचणीच्या अचूकतेवरचा पेपर मांडला. आठवडाभर तयारी केली होती. सेन्सिटिव्हिटी (आजारी माणसांपैकी किती पॉझिटिव्ह आले), स्पेसिफिसिटी (निरोगींपैकी किती निगेटिव्ह आले), आरओसी कर्व्ह (पॉझिटिव्हची रेषा हलवली की हे दोन्ही कसे बदलतात तो आलेख), सगळं स्लाइडवर घेतलं. शेवटी अशा अभ्यासांत चुकीचा धोका किती हे तपासणाऱ्या क्वाडास-२ या प्रश्नावलीचा तक्ता भरून दाखवला, जवळजवळ सगळीकडे "लो रिस्क" आलं. आमच्या सरांनी एवढंच विचारलं, "म्हणजे उद्या ओपीडीत ही टेस्ट लिहिशील?" मला धड हो म्हणता आलं नाही, धड नाही म्हणता आलं नाही. पुढच्या महिन्यात तोच पेपर पुन्हा मांडायला सांगितलंय. पेपर चांगल्या जर्नलमधला आहे. एका गटात निदान पक्कं झालेले रुग्ण आहेत, दुसऱ्यात निरोगी स्वयंसेवक. काही नमुन्यांचे निकाल अस्पष्ट आले म्हणून ते वगळलेत. कट-ऑफ (पॉझिटिव्ह कुठून धरायचं तो आकडा) आरओसीवरून काढलाय. बाकी सगळं व्यवस्थित आहे. मग माझं चुकलं कुठे?'
– एक रेसिडेंट

तुझ्या पत्रातलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य म्हणजे 'बाकी सगळं व्यवस्थित आहे'. त्याच्या आधीच्या तीन वाक्यांत तू त्या पेपरचा पंचनामा करून मोकळी झालीस आणि तुझ्या ते लक्षातही आलं नाही. निदान झालेले विरुद्ध ठणठणीत, अस्पष्ट निकाल बाहेर, कट-ऑफ त्याच आकड्यांतून. क्वाडास-२ मध्ये नेमकं हेच विचारलेलं आहे: केस-कंट्रोल पद्धत (पक्के रुग्ण आणि निरोगी माणसं वेगवेगळी गोळा करणं) टाळली होती का, कट-ऑफ आधी ठरवला होता का, सगळ्या रुग्णांना हिशेबात धरलं का. तिन्हींची उत्तरं 'नाही'. म्हणजे चारपैकी तीन रकान्यांत धोका समोर दिसत होता. तरी तक्त्यात 'लो रिस्क' आलं, कारण पेपर वाचून झाल्यावर तक्ता भरायचा राहिला म्हणून तू तो भरलास. आपण सगळ्यांनीच हे केलंय. जर्नलचं नाव मोठं असलं की पेन आपोआप 'लो'कडे वळतं.

तक्त्याबद्दल आधी दोन शब्द, मग त्याला बाजूला ठेवू. क्वाडासची पहिली आवृत्ती २००३ ची, चौदा प्रश्नांची. २०११ मध्ये क्वाडास-२ आलं आणि प्रश्नांचे चार भाग झाले: रुग्ण कसे निवडले, तपासायची चाचणी कशी केली, रेफरन्स स्टँडर्ड (आजार खरोखर आहे का हे ज्यावरून ठरवतात ती तपासणी) कसं लावलं, आणि रुग्णांचा प्रवास नि वेळ. पण हा तक्ता भरणं ही त्यातली चौथी पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे आपला प्रश्न लिहिणं. दुसरी, प्रश्नावली आपल्या विषयाला बेतून घेणं. तिसरी, रुग्ण कुठून आले आणि कुठे गेले याचं चित्र पेपरात असेल तर ते तपासणं, नसेल तर स्वतः काढणं. बहुतेक जण थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात. शिवाय पहिल्या तीन भागांत दोन-दोन निवाडे द्यायचे असतात: एक, अभ्यास किती विश्वासार्ह, दुसरा, तो आपल्या रुग्णांना कितपत लागू. सरांनी तुला विचारलं ते या दुसऱ्या निवाड्याबद्दल. तो रकाना तू भरलास का, हे पत्रात नाही. माझा अंदाज, नाही.

आणखी एक गफलत नेहमी होते, ती इथेच निस्तरते. स्टार्ड नावाची यादी आहे, २००३ ची, २०१५ मध्ये सुधारलेली, तीस मुद्द्यांची. पेपरात काय काय लिहिलं पाहिजे ते ती सांगते. अभ्यास चांगला होता की वाईट, हे ती सांगत नाही. वाईट अभ्यास अगदी प्रामाणिकपणे, तीसच्या तीस मुद्दे पाळून लिहिता येतो.

आता तक्ता मिट आणि कोऱ्या कागदावर एक वाक्य लिही: कोणत्या माणसात, कोणत्या तपासण्या होऊन गेल्यावर, कोणत्या आजारासाठी ही चाचणी करणार, आणि निकाल आल्यावर वेगळं काय करणार. पेपर उघडण्याआधी लिही, कारण पेपर वाचल्यावर आपला प्रश्न लेखकांच्या प्रश्नासारखा दिसायला लागतो. ही चाचणी जुन्या चाचणीच्या जागी येणार, तिच्याआधी चाळणी म्हणून येणार, की तिच्यानंतर भर म्हणून, हे त्याच वाक्यात ठरतं. डी-डायमर ही रक्ताच्या गुठळीसाठीची रक्तचाचणी घे. वय, गरोदरपण, शस्त्रक्रिया, संसर्ग, कर्करोग, कशानेही ते वाढतं. स्पेसिफिसिटी बघितली तर कोणी विकत घेऊ नये. पण ज्याच्यात रक्ताच्या गुठळीची शंका मुळातच कमी आहे, त्याच्यात निगेटिव्ह आलं तर स्कॅन टळतो. चाळणी म्हणून ते उत्तम. स्कॅनच्या जागी बसवलं तर अनर्थ. आकडे तेच, काम वेगळं.

हे वाक्य लिहून झालं की पेपर उघड आणि पहिल्यांदा रांग शोध. चाचणीसाठी कोण उभं होतं? कुठून आलं? कोणाला रांगेत घेतलंच नाही? कोण मधूनच निघून गेलं? माझं म्हणणं एवढंच आहे की चाचणीच्या अचूकतेचा जवळजवळ सगळा खेळ या रांगेत आहे. सेन्सिटिव्हिटी हा चाचणीचा जन्मजात गुण असल्यासारखं आपल्याला शिकवतात, जणू वजन किंवा रंग. तसं नसतं. ती त्या रांगेतल्या माणसांवर केलेल्या चाचणीची सेन्सिटिव्हिटी असते.

सीईए या रक्तात मोजायच्या प्रथिनाची गोष्ट तुला माहीत असेलच, पण जर्नल क्लबला ती पुन्हा सांग. १९६९ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ३६ रुग्णांपैकी ३५ जणांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. सत्त्याण्णव टक्के! कर्करोगाची रक्तचाचणी सापडली, असंच वाटलं असणार. पण त्या रांगेत आजार पुढे गेलेले रुग्ण होते. नंतर जेव्हा सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण आणि पोटाचे इतर आजार असलेली माणसं रांगेत आली, तेव्हा तो आकडा घसरला. लहान गाठ असलेल्यांत सीईए अनेकदा वाढतच नाही. उलट धूम्रपान करणाऱ्यांत, यकृताच्या आजारात, आतड्याच्या दाहात ते वाढतं. आज सीईए मागवतात ते मुख्यतः शस्त्रक्रियेनंतर आजार परत येतोय का हे बघायला. निदानासाठी नाही. १९७८ मध्ये रॅन्सोहॉफ आणि फाइनस्टाइन यांनी हेच उदाहरण घेऊन 'स्पेक्ट्रम'चा मुद्दा मांडला: आजारी गटात सौम्य, मध्यम, तीव्र असे सगळे हवेत, आणि आजार नसलेल्या गटात त्या आजारासारखे दिसणारे दुसरे आजार हवेत. हत्ती आणि उंदीर यांतला फरक सांगायला चष्मा लागत नाही. तुझ्या ओपीडीत येतात ते उंदीर आणि चिचुंद्री.

तुझ्या पेपरातले निरोगी स्वयंसेवक हे यातलं सर्वांत सोयीचं माप. त्यांना ना ताप, ना दुखणं, ना दुसरं औषध. त्यांच्यात चाचणी निगेटिव्ह येण्यात मर्दुमकी कसली? त्यांची चाचणी ओपीडीत कोणी लिहिणारच नव्हतं. १९९९ मध्ये लायमर आणि सहकाऱ्यांनी जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये बऱ्याच चाचण्यांचे अभ्यास एकत्र ठेवून पाहिलं: पक्के रुग्ण एका दारातून आणि वेगळी निरोगी माणसं दुसऱ्या दारातून घेतली, की डायग्नॉस्टिक ऑड्स रेशो (चाचणी आजारी आणि निरोगी किती नीट वेगळे करते, याचं एकत्र माप) साधारण तिप्पट फुगतो. तिप्पट म्हणजे टक्के तिप्पट नव्हेत, हे स्लाइडवर स्पष्ट लिही, नाहीतर कोणीतरी हात वर करेलच. पण फुगवटा खरा आहे.

तरी हा पेपर फेकून दे, असं मी म्हणत नाही. दोन दारांचा अभ्यास पहिली पायरी म्हणून ठीक असतो. हत्ती-उंदीर ओळखता येत नसतील तर चाचणी तिथेच संपली, पुढचा खर्च वाचला. अडचण एवढीच की पहिल्या पायरीचा आकडा शेवटच्या पायरीवर छापला जातो.

एकाच चाचणीचा आकडा रांगेनुसार कसा हलतो, याचं ताजं उदाहरण हवं असेल तर कोविडच्या रॅपिड अँटिजेन चाचण्या बघ. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या मार्च २०२१ च्या समीक्षेत लक्षणं असलेल्यांत सरासरी सेन्सिटिव्हिटी ७२ टक्के होती, लक्षणं नसलेल्यांत ५८. लक्षणं असलेल्यांतही पहिल्या आठवड्यात ७८, दुसऱ्या आठवड्यात ५१. किटच्या वेष्टनावर मात्र एकच आकडा मावतो.

म्हणून 'मटेरियल अँड मेथड्स' वाचताना एक शब्द शोध: सलग. 'लक्षणं घेऊन आलेले सलग रुग्ण' असं असेल तर निम्मी काळजी मिटली. 'ज्ञात रुग्ण', 'रक्तदाते', 'साठवलेले नमुने', 'कर्मचारी' असं दिसलं की पेन्सिल उचल. आणि कोणाला वगळलं ती यादी कंटाळवाणी असली तरी वाच. मूत्रपिंडाचा आजार असलेले वगळले, साठीच्या पुढचे वगळले, आधी औषध घेतलेले वगळले... यादी संपेपर्यंत कधीकधी तुझ्या वॉर्डातलं कोणीच उरत नाही.

रांगेत कोण आलं ते झालं. आता, रांगेतून कोणाला आत सोडलं? ही गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण तू ती शोधलीच पाहिजेस: रेफरन्स स्टँडर्ड सगळ्यांना लावलं का? मला विचारशील तर अख्ख्या विषयातला हा सर्वांत गमतीचा भाग आहे, कारण यात कोणी खोटं बोलत नाही, कोणी आळस करत नाही, आणि तरी आकडे पार उलटे होतात.

ट्रेडमिलवरचा ईसीजी धर आणि रेफरन्स स्टँडर्ड म्हणून अँजिओग्राफी. रोजच्या कामात ट्रेडमिल पॉझिटिव्ह आली की अँजिओग्राफी होते. निगेटिव्ह आली तर बहुतेक जण घरी जातात. ते बरोबरच आहे, उगाच कोणाच्या धमनीत नळी कोण घालेल? पण मग संशोधक नोंदवही उघडतो आणि ज्यांची अँजिओग्राफी झाली तेवढेच घेतो. समजा १००० जणांची ट्रेडमिल झाली आणि त्यातल्या २०० जणांना खरोखर आजार आहे. चाचणीची खरी सेन्सिटिव्हिटी ५० टक्के, स्पेसिफिसिटी ८५. म्हणजे आजारी २०० मधले १०० पॉझिटिव्ह, १०० निगेटिव्ह; निरोगी ८०० मधले १२० पॉझिटिव्ह, ६८० निगेटिव्ह. आता पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांची अँजिओग्राफी झाली आणि निगेटिव्हपैकी दहातल्या एकाचीच. संशोधकाच्या तक्त्यात पॉझिटिव्हचे १०० आणि १२० तसेच राहतात. निगेटिव्हच्या १०० चे होतात १०, आणि ६८० चे ६८. सेन्सिटिव्हिटी झाली ११० पैकी १००, म्हणजे ९१ टक्के. स्पेसिफिसिटी १८८ पैकी ६८, म्हणजे ३६ टक्के. चाचणी तीच, माणसं तीच. पन्नासाचे एक्याण्णव झाले.

हे नुसतं कागदी गणित नाही. १९८९ मध्ये ट्रेडमिलच्या १४७ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्यात सरासरी सेन्सिटिव्हिटी ६८ टक्के आणि स्पेसिफिसिटी ७७ होती. मग १९९८ मध्ये एक अभ्यास असा झाला की त्यातल्या ८१४ पुरुषांनी ट्रेडमिलचा निकाल काहीही येवो, दोन्ही तपासण्या करून घ्यायचं आधीच कबूल केलं होतं. तिथे सेन्सिटिव्हिटी निघाली ४५ आणि स्पेसिफिसिटी ८५. आपल्या गणिताने सांगितली होती त्याच दिशेने दोन्ही आकडे सरकले. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी वही काढून दुपारभर निरनिराळे आकडे घालून बघत बसले होते. तूही एकदा कर. एकदा हाताने केलं की पुन्हा कधी विसरत नाही.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे दोन वेगळी रेफरन्स स्टँडर्ड्स. पॉझिटिव्ह आलेल्यांची शस्त्रक्रिया आणि बायोप्सी, निगेटिव्ह आलेल्यांना महिन्याभराने फोन. अपेंडिक्सच्या अभ्यासात हे सर्रास असतं. सौम्य अपेंडिसायटिस कधीकधी आपोआप शमतो. फोनवर माणूस म्हणतो 'आता बरं आहे', आणि चाचणीच्या खात्यात एक 'खरा निगेटिव्ह' जमा होतो. बायोप्सी झाली असती तर तो चुकलेला रुग्ण ठरला असता.

आता तुझे वगळलेले अस्पष्ट नमुने. ते नेमके किती, हे पेपरात शोध. पेपरातला दोन बाय दोनचा तक्ता (आजारी-निरोगी विरुद्ध पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) घे, चारही घरांची बेरीज कर, आणि सुरुवातीला किती जण घेतले होते त्या आकड्याशी जुळवून बघ. शंभरातल्या नव्वद पेपरांत हे काम दोन मिनिटांचं असतं आणि शंभरातले नव्वद वाचक ते करत नाहीत. (हे दोन्ही नव्वद माझ्या चिडचिडीतून आलेत, कुठे उद्धृत करू नकोस.) बेरीज जुळली नाही तर ते मधले लोक कोण? सोनोग्राफीत 'अपेंडिक्स दिसलं नाही' असा रिपोर्ट येतो. ते सगळे बाहेर काढले की सोनोग्राफीची सेन्सिटिव्हिटी झकास दिसते. पण रात्री दोन वाजता 'दिसलं नाही' असा रिपोर्ट हातात घेऊन उभी राहणार ती तूच. अस्पष्ट निकालांसाठी तक्त्याला तिसरी ओळ जोड. मग आजारी गटातले अस्पष्ट 'निगेटिव्ह' आणि निरोगी गटातले अस्पष्ट 'पॉझिटिव्ह' धरून सगळ्यांत वाईट हिशेब काढ. तरीही आकडा कामाचा उरला तर चाचणीत दम आहे.

रेफरन्स स्टँडर्डबद्दल थोडं. त्याला आपण गोल्ड स्टँडर्ड म्हणतो, पण कस लावून बघत नाही. टायफॉइडमध्ये रक्ताचं कल्चर साधारण ६० टक्के रुग्णांतच जंतू दाखवतं. आता नवी चाचणी कल्चरपेक्षा सरस असेल, तर कल्चरने हुकवलेले रुग्ण ती पकडेल आणि आपण त्यांना 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणू. शहाण्या मुलाला मास्तरांनी स्वतःच्या चुकीच्या उत्तरावरून नापास करावं, तसं. उलटही होतं: दोन्ही चाचण्या एकाच कारणाने एकाच रुग्णात चुकत असतील तर त्यांचं छान जमतं, आणि ते जमणं अचूकता म्हणून छापलं जातं. याहून बेरकी प्रकार म्हणजे तपासायची चाचणीच रेफरन्स स्टँडर्डच्या पोटात असणं. २००० सालच्या व्याख्येपासून हार्ट अटॅकच्या निदानात ट्रोपोनिनच (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) मध्यवर्ती आहे. तेव्हा ट्रोपोनिनचा अभ्यास वाचताना अंतिम निदान कोणी आणि कशावरून केलं ते बघ. आपणच प्रश्नपत्रिका काढायची, आपणच सोडवायची, आपणच तपासायची, तर पहिला नंबर येणारच.

चाचणी वाचणाऱ्याला निदान माहीत होतं का, आणि निदान करणाऱ्याला चाचणीचा निकाल, हे तुला येतं. त्यावर वेळ घालवत नाही. यंत्राने छापलेल्या आकड्यात ते कमी महत्त्वाचं, एक्स-रे किंवा स्लाइड वाचण्यात फार.

कट-ऑफ मात्र राहिला. आरओसीवरून, त्याच रुग्णांच्या आकड्यांतून, सर्वांत चांगला दिसणारा बिंदू निवडायचा आणि मग त्याच रुग्णांवर त्या बिंदूची अचूकता सांगायची: हे म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढणं. अभ्यास लहान असेल तर फुगवटा जास्त. दुसऱ्या रुग्णांवर तोच कट-ऑफ लावून बघितला नसेल तर ते आकडे वरची मर्यादा समज. शिवाय हा बिंदू बहुतेक वेळा १९५० च्या यूडेन इंडेक्सने निवडतात. सेन्सिटिव्हिटीचा एक टक्का आणि स्पेसिफिसिटीचा एक टक्का त्याला सारखाच. तुझ्या आजारात एक रुग्ण हुकणं आणि एका निरोगी माणसाला घाबरवणं सारखंच आहे का? क्वचितच असतं.

आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा. '१०० टक्के सेन्सिटिव्हिटी' दिसली की आजारी किती होते ते मोज. वीसपैकी वीस पकडले असतील तर ९५ टक्के इंटरव्हलची खालची कड ८३ च्या आसपास येते. सहातला एक हुकत असेल, हेही त्या 'शंभर'मध्ये बसतं.

आता सरांच्या प्रश्नाकडे. समजा, इतकं सगळं पाहूनही तू सेन्सिटिव्हिटी ९५ आणि स्पेसिफिसिटी ९० मान्य केलीस. (तुझ्या पेपरातले आकडे तू दिले नाहीस, हे मी सोयीसाठी घेतले.) निम्मे आजारी, निम्मे निरोगी अशा हजारांत पॉझिटिव्ह येतील ४७५ खरे आणि ५० खोटे, म्हणजे पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू (पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे आजारी किती) ९० टक्के. पेपरात तेच छापतील, आणि ते निरर्थक असेल, कारण निम्मे-निम्मे हे प्रमाण संशोधकांनी स्वतः ठरवलंय. तुझ्या ओपीडीत शंका असलेल्या हजारांत आजार ४० जणांना असेल, तर खरे पॉझिटिव्ह ३८ आणि खोटे ९६. पॉझिटिव्ह आलेल्या १३४ जणांत ३८ आजारी, म्हणजे २८ टक्के. निगेटिव्हची बाजू छान दिसते, ८६६ पैकी ८६४ निरोगी, ९९.८ टक्के. पण चाचणी न करताही हजारात ९६० निरोगीच होते, हे त्याच्या शेजारी लिही. आजार विरळ असला की वाईट चाचणीलाही निगेटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू फुकटात मिळते.

हे गणित टक्क्यांत न करता माणसांत कर, हजार डोकी समोर बसवून. १९७८ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थी आणि डॉक्टर मिळून ६० जणांना विचारलं होतं: आजार हजारात एकाला, फॉल्स पॉझिटिव्ह ५ टक्के, पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त उत्तरं आली ९५ टक्के. डोकी मोजली तर एक खरा, पन्नास खोटे, म्हणजे साधारण २ टक्के. बरोबर उत्तर ६० पैकी ११ जणांनी दिलं. लाइकलिहुड रेशोने (हा निकाल निरोगींच्या मानाने आजाऱ्यांत किती पट येतो) हे आणखी पटकन होतं, पण तो आजाराच्या प्रमाणावर अवलंबून नसतो असं पुस्तकात लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नकोस. तोही त्याच रांगेतून आलेला असतो; रांग बदलली की तोही हलतो.

ढिसाळ अभ्यासांची किंमत काय असते, हे कोणी विचारलं तर क्षयरोगाच्या रक्तातल्या अँटिबॉडी चाचण्यांचं उदाहरण दे. त्यांच्यावर ढिगाने पेपर होते. २०११ च्या समीक्षेत फुप्फुसाच्या क्षयासाठी वेगवेगळ्या अभ्यासांतली सेन्सिटिव्हिटी ० पासून १०० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली, स्पेसिफिसिटी ३१ पासून १०० पर्यंत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या निदानासाठी वापरू नका, असं स्पष्ट सांगितलं. तोवर कितीतरी लोकांवर त्या झाल्या होत्या. त्यातला शंभर टक्क्यांचा पेपरही कोणीतरी, कुठेतरी, जर्नल क्लबमध्ये 'लो रिस्क' म्हणून मांडला असेलच.

पुढच्या महिन्यात पहिल्या स्लाइडवर तुझं ते एक वाक्य असू दे. दुसरीवर रांगेचं चित्र, तू स्वतः काढलेलं, प्रत्येक बाणावर माणसांचा आकडा, आणि जिथे आकडा सापडला नाही तिथे प्रश्नचिन्ह. क्वाडासमध्ये 'अनक्लिअर' हा रकाना आहे, तो वापरायला लाजू नकोस. सेन्सिटिव्हिटी चौथ्या-पाचव्या स्लाइडच्या आधी येऊ देऊ नकोस. लोक कुरकुरतील, कुरकुरू दे. सरांनी पुन्हा विचारलं तर सांग, 'नाही सर, आज लिहिणार नाही. ही चाचणी पक्का रुग्ण आणि ठणठणीत माणूस वेगळे करते, एवढं दिसलंय. ज्याच्याबद्दल मला शंका आहे त्याच्यात ती काय करते, हे या पेपरात नाही.' ते विचारतील, मग कसला अभ्यास आला तर लिहिशील. तेव्हा पहिली स्लाइड पुन्हा लाव.

आणि ते अस्पष्ट नमुने कोणत्या गटातले होते हे पेपरात नसेल, तर पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकांना मेल टाक. दोन ओळी पुरतात, ओळख करून द्यायची आणि तो एकच आकडा मागायचा. मी आजवर बऱ्याच जणांना विचारलंय. काहींनी उत्तर दिलं नाही, एकाने रागावून दिलं, पण एका बाईंनी त्यांचा पूर्ण तक्ता पाठवून दिला, वर लिहिलं होतं, 'हे कोणी विचारेल असं वाटलंच नव्हतं.'